चिलखतातला विझार्ड: टक्का नको, उशीर लाव

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तुमचा ग्रुप डन्जन्स अँड ड्रॅगन्स या टेबलवर डाइस टाकून खेळायच्या भूमिकांच्या खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ च्या नियमांनी खेळतो. तुमच्या विझार्डने (जादूगाराने) मध्येच एक लेव्हल क्लेरिकची, म्हणजे लढणाऱ्या पुजाऱ्याची, घेतली, जड चिलखताचं प्रशिक्षण देणारं डोमेन (क्लेरिकची शाखा) निवडलं, आणि आता तो फुल प्लेट चढवून, हातात ढाल धरून, वरून 'शील्ड' हा क्षणभर बचाव वाढवणारा स्पेल (मंत्र) टाकत हिंडतो. फायटर खेळणारी तुझी मामेबहीण विचारते, "मग मी कशाला आहे?" आणखी एकाचं म्हणणं, चिलखत घालून मंत्र म्हणणं मुळातच खोटं वाटतं. आणि तू विचारतोस, तिसऱ्या आवृत्तीतला 'स्पेल फेल्युअर'चा टक्का, म्हणजे चिलखतात स्पेल फसायची टक्केवारी, हाउस रूल म्हणून आणू का?

आणू नकोस. प्लेटलाही हात लावू नकोस. दोनच गोष्टी कर. एक, ढाल आणि 'शील्ड' स्पेल यांची बेरीज बंद कर. दोन, ज्याला चिलखताचं प्रशिक्षण नाही त्याला "स्पेल टाकताच येत नाही" असं सांगण्याऐवजी "स्पेल टाकता येतो, पण उशिरा लागतो" असा नियम दे. बाकी जे मी खाली लिहितोय ते टेबलवर कोणी हुज्जत घातली तर उत्तर द्यायला.

आधी आकडे, कारण भांडण आकड्यांचं आहे आणि ते उगाच तत्त्वाचं होऊन बसलंय. समोर +७ ने हल्ला करणारा राक्षस धर: वीस बाजूंचा डाइस टाकायचा, त्यात ७ मिळवायचे, आणि बेरीज एसीइतकी (आर्मर क्लास, म्हणजे बचावाचा आकडा) किंवा जास्त आली की मार बसतो. साधा विझार्ड, डेक्स्टेरिटी (चपळाई) १४, अंगावर 'मेज आर्मर' हा चिलखताऐवजीचा स्पेल: एसी १५. राक्षसाला ८ किंवा वर पडलं की लागतं, म्हणजे ६५ टक्के. 'शील्ड' टाकला की एसी २०, मार बसायची शक्यता ४० टक्के. तुझ्या मामेबहिणीची फायटर प्लेट आणि ढालीसह २०, म्हणजे कायमच ४० टक्के. डिफेन्स स्टाइल (एसीला +१ देणारी लढायची पद्धत) घेतली असेल तर २१ आणि ३५ टक्के. इथवर कोणाची तक्रार नसते. विझार्ड जिवावर बेतलं की स्लॉट (स्पेल टाकायचा मोजकाच साठा) खर्चून क्षणभर फायटरच्या बरोबरीला येतो, हे मूळ हिशेबातच आहे.

आता तुमचा विझार्ड. प्लेटचे १८, ढालीचे २, त्यावर 'शील्ड'चे ५: एसी २५. राक्षसाला १८, १९ किंवा २० पडायला हवेत. १५ टक्के. फायटरने आख्खा जन्म चिलखतात काढला आणि तिला दुपटीहून जास्त मार बसतो. तिचा वैताग रास्त आहे.

पण हे २५ आले कुठून ते बघ. प्लेटऐवजी हाफ प्लेट घातली असती तर १५ अधिक डेक्स्टेरिटीचे २, ढाल धरून १९, 'शील्ड'सकट २४. फरक फक्त एकाचा. आणि हाफ प्लेटसाठी क्लेरिक व्हायचीही गरज नाही. २०१४ च्या नियमांत माउंटन ड्वार्फ विझार्डला मध्यम चिलखत जन्मजात मिळतं, ढाल मात्र नाही. म्हणजे तू प्लेटवर बंदी घातलीस तरी तो उद्या हाफ प्लेट घालून येईल आणि तुझं बंदीचं पुण्य वाया जाईल. घोटाळा लोखंडाच्या जाडीत नाही, बेरजेत आहे. ढाल आणि 'शील्ड' हे एकाच कामाचे दोन पगार आहेत.

गंमत म्हणजे ज्या तिसऱ्या आवृत्तीतून तुला टक्का आणायचाय, तिथेच याचं खरं औषध आहे. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत 'शील्ड' स्पेल +४ 'शील्ड बोनस' द्यायचा, आणि हातातली ढालही त्याच जातीचा बोनस द्यायची. एका जातीचे दोन बोनस बेरजेला घ्यायचे नाहीत, मोठा असेल तो धरायचा. 'मेज आर्मर' आणि खरं चिलखत यांचंही तसंच. पाचव्या आवृत्तीत सुटसुटीतपणासाठी बोनसच्या जाती काढून टाकल्या, आणि हे दार उघडं राहिलं. तेव्हा नियम असा लिही: ढाल हातात असताना 'शील्ड' टाकला तर ढालीचे २ धरायचे नाहीत, स्पेलचे ५ धरायचे. तुमच्या विझार्डचा एसी २५ वरून २३ होतो, मार बसायची शक्यता १५ वरून २५ टक्के. त्यासाठी दर वेळी त्याची दुसऱ्याच्या पाळीत वापरायची एकुलती रिअ‍ॅक्शन जाते आणि स्लॉट जातो, फायटरचं काही जात नाही. माझ्या मते एवढं पुरतं. कोणाला अजून कडक हवं असेल तर ढाल हातात असताना 'शील्ड' टाकायचाच नाही असं ठरवा. मग विझार्डला दर लढाईआधी कायमचे २ की गरजेचे ५ हे निवडावं लागतं. दोन्ही चालतात. मला पहिला आवडतो, कारण त्यात "नाही" हा शब्द येत नाही.

आता त्या 'खोटं वाटतं'वाल्याकडे येऊ. त्याचं म्हणणं बहुधा असं असेल की चिलखतात बोटं हलत नाहीत, हातवारे जमत नाहीत, म्हणून मंत्र फसतो. १९८९ च्या दुसऱ्या आणि २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने हेच कारण दिलं होतं. सुरुवातीला मात्र असं कारण नव्हतं. १९७४ च्या पहिल्या छापील खेळात जादूगाराला चिलखत नाही आणि हत्यार म्हणून फक्त खंजीर, बस्स. हा खेळ सैनिकांच्या लढाईच्या खेळातून निघालेला. जादूगार म्हणजे तोफ, आणि तोफेला कातडं जाड दिलं तर बाकीच्या सैन्याला काम उरत नाही. दुसऱ्या आवृत्तीत फायटर-मेज मल्टिक्लासला (एकाच वेळी लढवय्या आणि जादूगार असलेल्याला) एल्फांचं साखळी चिलखत तेवढं चालायचं. सगळा मामला समतोलाचा. कारणं मागाहून शोधली गेली.

आणि शोधलेलं कारण टिकत नाही. क्लेरिकही हातवारे करतो. तोच हात, तीच बोटं, तेच लोखंड. त्याचे स्पेल प्लेटमध्ये बिनबोभाट लागतात आणि विझार्डचे फसतात, हे शरीरशास्त्र नाही, हिशेब आहे. शिवाय चिलखताबद्दलची आपली कल्पना सिनेमातून आलेली असते. खेळाच्या पुस्तकात प्लेटचं वजन ६५ पौंड, म्हणजे साडेएकोणतीस किलो. लढाईसाठी बनवलेली युरोपातली खरी चिलखतं साधारण १५ ते २५ किलोची, आणि ते वजन सगळ्या अंगावर वाटलेलं. पंधराव्या शतकातल्या चांगल्या हातमोज्यांना प्रत्येक बोटाला वेगळे खवले असायचे.

आपल्याकडचं बघायचं तर बडोद्यात राहून पुस्तकात कशाला शोधायचं? एखाद्या रविवारी ग्रुपला घेऊन लक्ष्मी विलास राजवाड्यात जा, तिथे जुन्या शस्त्रांचा संग्रह आहे. जुनी हिंदुस्थानी शस्त्रं बघताना आपले लोक पाती बघतात. तू मुठी, पट्टे आणि आतल्या गाद्या बघ, नियम लिहायला त्या जास्त उपयोगी. आपल्याकडचा पोलादी दस्ताना मनगटापासून कोपरापर्यंत हाताच्या बाहेरच्या बाजूवर बसायचा. पंजाच्या पाठीवर फार तर कड्यांची जाळी किंवा गादीचं कापड, तळवा मोकळा. असा दस्ताना घातलेला माणूस खुशाल चुटकी वाजवेल. उलट ढाल बघ. गोल ढालीच्या आत दोन पट्टे किंवा कड्या, मध्ये छोटी गादी, आणि ते दोन्ही पट्टे एकाच मुठीत धरायचे. मूठ गच्च. त्या हाताने हातवारे नाहीत. म्हणजे वास्तवाचाच आग्रह असेल तर अडचण चिलखताची नसून ढालीची आहे, आणि आपण वर आकड्यांवरूनही तिथेच पोचलो होतो.

त्याला महाभारतही ऐकव. द्रोण, कृप, अश्वत्थामा हे सगळे मंत्र म्हणून अस्त्रं सोडणारे, आणि सगळे रणात चिलखत घालून उभे. जयद्रथवधाच्या दिवशी द्रोण दुर्योधनाच्या अंगावर मंत्रून कवच बांधतात, अर्जुनाचे बाण त्यावरून निसटतात, तेव्हा अर्जुन त्याच्या हाताच्या तळव्यांवर आणि नखांच्या कडेच्या मांसावर बाण मारतो. कवच शाबूत, हात निकामी. कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवून धरायची एकाग्रता) मोडायची याहून चांगली रीत मला तरी कुठल्या रूलबुकात सापडलेली नाही. चिलखत आणि मंत्र यांचं वाकडं असणं ही आपल्याकडची समजूतच नाही.

टक्का का नको, ते आता सांगतो. तिसऱ्या आवृत्तीत चामड्याचं चिलखत १० टक्के, चेन शर्ट २०, ब्रेस्टप्लेट २५, फुल प्लेट ३५, त्यात मोठी ढाल आणखी १५. प्लेट आणि ढाल मिळून ५० टक्के, म्हणजे नाणेफेक. एका लढाईत चार स्पेल टाकले तर प्लेटमध्ये चारही लागायची शक्यता जेमतेम १८ टक्के. ठीक आहे, प्लेट घालू नको म्हणू. पण साध्या चामड्याच्या १० टक्क्यांतही चारही लागायची शक्यता ६६ टक्केच. दर तीन लढायांत एकदा तरी काहीतरी फुकट जाणार. आणि फुकट म्हणजे स्लॉट गेला, पाळीही गेली. सहा जणांच्या टेबलवर आपली पाळी यायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ सेव-उसळ खात थांबायचं, मग टक्क्याचे डाइस टाकायचे, मग "फसला", मग परत वीस मिनिटं. अशा वेळी खेळाडूने केलेली चूक कोणती? सकाळी चिलखत घातलं ही. शिक्षा आत्ता, ती पण चिठ्ठी काढून.

त्यापेक्षा वाईट म्हणजे हुशार खेळाडूला टक्का लागतच नाही. टक्का फक्त हातवारे असलेल्या स्पेलना होता. साडेतीनमध्ये 'डायमेन्शन डोअर' आणि 'टेलिपोर्ट' नुसत्या उच्चाराचे. म्हणजे प्लेटमधला विझार्ड लढू शकत नव्हता, पण पळून जाताना त्याला एक टक्काही अडचण नव्हती! 'स्टिल स्पेल' घेतलं की एक लेव्हल वरचा स्लॉट देऊन हातवारेच गायब. मिथ्रलचं चिलखत घेतलं की १० टक्के कमी. शेवटी ज्याला नियम पाठ तो सुटायचा आणि नवखा अडकायचा. नवख्यालाच पकडणारा नियम मला नकोसा वाटतो. तुम्ही पाथफाइंडर या तशाच दुसऱ्या खेळाची २००९ ची पहिली आवृत्ती खेळत असता तर गोष्ट वेगळी होती. तिथे टक्का आहे पण त्याच्याभोवती 'आर्केन आर्मर ट्रेनिंग' हे टक्का कमी करणारं कौशल्य आहे, हलक्या चिलखतापासून चढत चढत जड चिलखतात स्पेल टाकायला शिकणारा मेगस नावाचा क्लास आहे. ते सगळं यंत्र नसताना नुसता टक्का उचलून आणलास तर शिक्षा येईल आणि सुटकेच्या वाटा तिकडेच राहतील. पाथफाइंडरवाल्यांनीही २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीत टक्का सोडून दिला.

ढालीच्या हाताचा नियम मात्र पाचव्या आवृत्तीत आहे, फक्त कोणी पाळत नाही. नीट वाच. ज्या स्पेलला हातवारे आणि साहित्य दोन्ही लागतं, तो साहित्याच्या हातानेच टाकता येतो. म्हणून एका हातात ढाल, दुसऱ्यात जादूची काठी धरून 'फायरबॉल' बिनधास्त. पण ज्याला हातवारे लागतात आणि साहित्य लागत नाही, त्याला हात रिकामा हवा. 'शील्ड'ला साहित्य नाही. 'काउंटरस्पेल'लाही (दुसऱ्याचा स्पेल मोडणाऱ्या स्पेललाही) नाही. म्हणजे ढाल आणि काठी घेतलेल्या विझार्डला, 'वॉर कास्टर' फीट (ढाल-हत्यार हातात असतानाही हातवारे करू देणारं जादा कौशल्य) नसेल तर, हे दोन्ही टाकताच येत नाहीत. तुझा विझार्ड आजवर ते टाकत आला असेल तर आधी त्याच्या दुसऱ्या हातात काय आहे ते विचार. निम्म्या टेबलांवर प्रश्न इथेच मिटतो. अर्थात तो पोचलेला असेल तर काठी ठेवून कमरेला साहित्याची थैली लावेल, हात मोकळा. म्हणूनच बेरजेचा नियम लागतोच.

हाताच्या नियमावरून माझ्या टेबलवरचा एक जुना खटला आठवला. प्रोफेसर माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे बडोद्यातल्या मराठी घरांत लाठी-मल्लखांबाचं कौतुक पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्यातल्याच एका घरातला मुलगा मला म्हणाला, माझ्या जादूगाराला पट्टा पाहिजे. आता पट्टा म्हणजे नुसती लांब तलवार नाही. पात्याच्या बुडाशी पोलादी नळा असतो, त्यात हात कोपराच्या जवळपास जातो, आणि आतली आडवी दांडी मुठीत धरायची. मनगट जवळजवळ बंद. मी आकडे लाँगस्वोर्डचे दिले, वर एक फायदा दिला, की पट्टा कोणी हातातून उडवू शकत नाही. आणि एक तोटा: तो हात हातवाऱ्यांना नाही, 'वॉर कास्टर' असलं तरी नाही, आणि पट्टा टाकून देता येत नाही, काढायला एक अ‍ॅक्शन जाते. त्याने तासभर विचार केला आणि दुसऱ्या हातात काही न घेता उतरला. एका हातात पट्टा, दुसरा रिकामा, ढाल नाही. त्याचं कॅरेक्टर त्या एका अडचणीमुळे सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

आता दुसरा नियम, उशिराचा. पाचव्या आवृत्तीत प्रशिक्षण नसलेलं चिलखत घातलं की स्ट्रेंग्थ आणि डेक्स्टेरिटीच्या सगळ्या रोलना, दोन डाइस टाकून कमी तो धरायचा असा, डिसअ‍ॅडव्हान्टेज, आणि स्पेल टाकता येत नाहीत. पूर्णविराम. २०२४ च्या नव्या नियमांतही तसंच. यात चूक काही नाही, पण गोष्ट मरते. विझार्डने पहारेकऱ्याचं चिलखत घालून किल्ल्यात शिरायचं ठरवलं तर ते मजेशीर आहे, आणि नियम त्याला म्हणतो, मग तू आज फक्त वेषांतर केलेला खाऊचा डबा.

माझ्या टेबलवरचा नियम असा. प्रशिक्षण नसलेल्या चिलखतात एक अ‍ॅक्शन लागणारा स्पेल तुझ्या पाळीला सुरू होतो आणि तुझ्या पुढच्या पाळीच्या सुरुवातीला लागतो. लक्ष्य किंवा जागा लागतानाच ठरवायची. मधल्या वेळात मार बसला तर कॉन्सन्ट्रेशनचाच सेव्ह (बचावाचा रोल), गाठायचा आकडा: १० किंवा बसलेल्या डॅमेजच्या निम्मे, जे जास्त असेल ते. सेव्ह हुकला तर स्पेल सुटतो, पण स्लॉट वाचतो. आधी दुसऱ्या स्पेलवर कॉन्सन्ट्रेशन चालू असेल तर नवीन सुरू करताच ते सुटतं. आणि बोनस अ‍ॅक्शनचे आणि रिअ‍ॅक्शनचे स्पेल मुळीच नाहीत. डिसअ‍ॅडव्हान्टेज आहे तसाच राहतो. यातलं मी फारसं काही हवेतून आणलेलं नाही. 'रेडी' अ‍ॅक्शनने स्पेल धरून ठेवायचा नियम जवळपास असाच आहे, उलट तो स्लॉटच्या बाबतीत जास्त कठोर आहे.

शेवटची अट सगळ्यात कामाची. रिअ‍ॅक्शन नाही म्हणजे 'शील्ड' नाही, 'काउंटरस्पेल' नाही. उधारीच्या चिलखतात एसी मिळतो, पण विझार्डचं हुकमी हत्यार जातं. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

हे खेळताना कसं दिसतं ते बघ. आमच्या कॅम्पेनमधल्या शहरातून विश्वामित्रीसारखीच मगरींची नदी वाहते (बडोद्याच्या टेबलवर मगरी नसल्या तर खेळाडू पैसे परत मागतात). विझार्ड चोरलेल्या चेन मेलमध्ये, पुलावर, समोरून चार पहारेकरी धावत येताहेत. त्याला 'मिस्टी स्टेप' टाकून पलीकडे जायचं होतं. तो बोनस अ‍ॅक्शनचा, म्हणजे नाही. मग तो म्हणाला, "'वेब' सुरू करतो." आणि टेबलवर सगळे एकदम पुढे वाकले, कारण आता एक राउंड त्याला सांभाळायचं होतं. फायटर पुलाच्या अरुंद भागात आडवी उभी राहिली. रोगने (चोरट्या कॅरेक्टरने) एकाला खाली मगरींत ढकललं. मागच्याच्या क्रॉसबोचा बाण विझार्डला लागला, ९ डॅमेज, म्हणजे १० चा सेव्ह, पडले १२. त्याची पाळी आली तेव्हा उरलेले तिघे फायटरसमोर एका ठिकाणी गोळा झाले होते. जागा त्याने तेव्हा निवडली, आणि तिघेही जाळ्यात. तीच 'वेब' नेहमीसारखी झटक्यात पडली असती तर पुढच्या एका-दोघांवर पडली असती आणि फायटर मोबाइल बघत बसली असती. उशिरामुळे तिला काम मिळालं. तुझ्या मामेबहिणीचा खरा प्रश्नही तोच आहे.

बाकीचे उपाय लोक सुचवतील, त्यांबद्दल थोडक्यात. चिलखताच्या वजनाप्रमाणे स्लॉट कापायचे, हे कागदावर छान दिसतं; पण कॅन्ट्रिपना (साध्या, हवे तितक्या वेळा टाकता येणाऱ्या स्पेलना) स्लॉट नसतो, तेव्हा सगळे कॅन्ट्रिपवर उतरतात आणि हिशेबाची वही वाढते. लोखंडच जादू अडवतं, चामडं आणि लाकूड चालतं, हा नियम मला आवडतो, पण समतोलासाठी नाही, जगाच्या रंगासाठी. बाळंतिणीच्या उशाशी विळा किंवा सुरी ठेवायची आपल्याकडे रीत होतीच, लोखंडाला बाहेरचं काही शिवत नाही म्हणून; त्या धाग्यावरून तुमच्या जगातल्या भुतांना नियम लाव, विझार्डला कशाला. गेंड्याच्या कातड्याच्या ढाली खऱ्याच असायच्या, ड्रुइड (धातूचं चिलखत टाळणारा निसर्गपूजक) खेळणाऱ्याला सांग, खूश होईल.

नवीन नियम करण्याआधी असलेले नियम वापर. प्लेट १५०० सुवर्णमुद्रांची. स्ट्रेंग्थ १५ नसेल तर वेग १० फुटांनी कमी. विझार्डची स्ट्रेंग्थ बहुधा ८ असते, म्हणजे तो ३० ऐवजी २० फूट चालतो आणि पळापळीत सगळ्यांच्या मागे राहतो. ड्वार्फ असेल तर सुटला. लपायला डिसअ‍ॅडव्हान्टेज. चढवायला १० मिनिटं, उतरवायला ५. रात्री छापा पडला तर तो सदऱ्यातच लढणार, आणि 'मेज आर्मर' शिकायचा त्याने कंटाळा केलेला असतो. उन्हाचाही नियम आहे: ३८ अंशांच्या वर पिण्याचं पाणी नसेल तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह, पहिल्या तासाला ५, पुढे तासागणिक एक वाढत, आणि मध्यम किंवा जड चिलखतात तो डिसअ‍ॅडव्हान्टेजने. मे महिन्यात बडोद्याच्या खेळाडूला हे समजावून सांगावं लागत नाही. फक्त एक लक्षात ठेव, वेगाचा सोडला तर यातला प्रत्येक चटका फायटरलाही बसतो. तेव्हा हे रोज वापरायचं नाही.

क्लेरिकच्या लेव्हलवर मात्र चिडू नकोस. त्याने खरी किंमत दिली आहे. पाचव्या लेव्हलला त्याच्याकडे तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट आहे, पण 'फायरबॉल' नाही, कारण विझार्ड म्हणून तो चौथ्याच लेव्हलला आहे. हे प्रत्येक वरच्या लेव्हलला चालू राहणार. त्यासाठी विझ्डमही १३ ठेवावी लागली असणार. एवढं मोजून मिळवलेली प्लेट अंगावरून काढून घेतलीस तर तो आख्खं कॅरेक्टर बदलायला मागेल, आणि त्याचं बरोबर असेल.

खलनायकांना काय लावायचं हेही कोणीतरी विचारेलच. डेथ नाइट हा राक्षस प्लेट आणि ढालीत स्पेल टाकतो, ते त्याच्या कार्डावरच आहे, तो शिकलेला आहे. पण बेरजेचा नियम सगळ्यांना सारखा. तुझ्या जादूगार खलनायकाने ढाल धरून 'शील्ड' टाकला तर त्याचेही २ कापायचे, आणि ते मोठ्याने सांगून कापायचे.

आता तुमच्या विझार्डशी बोलणं. सेशनच्या मध्यात नियम बदलू नकोस, आणि त्याच्या एकट्याच्या तोंडावरही सांगू नकोस. ग्रुपवर आधी टाक, की दोन कथांच्या मधल्या जागेपासून बेरजेचा नियम लागू, आणि ज्याला वाटतं आपली निवड यामुळे फुकट गेली त्याने एक गोष्ट बदलून घ्यावी: फीट, एखादा स्पेल किंवा क्लेरिकची ती लेव्हल. त्याने प्लेट ठेवली तर ठेवू दे. त्याला ढाल सोडून दोन हातांची काठी घ्यायची असेल तर तेही दे. ती ढाल +१ वाली असली तर ती कोणाकडे जायची हे तू ठरवू नकोस; फायटरला मागू दे, विझार्डला भाव करू दे. पुढच्या खेपेला लुटीत फक्त एकच प्लेट ठेव, आणि ती तुझ्या मामेबहिणीच्या मापाची ठेव.